व्यापार संपला कधी?

इंग्रज व्यापारी म्हणून आले आणि राज्यकर्ते झाले, हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पाठ केले गेले आहे. परीक्षेत लिहिले की गुण मिळतात आणि भाषणात म्हटले की माना डोलतात. त्यात एक गृहीतक दडलेले आहे. आधी सरळ देवघेवीचा व्यापार होता, पुढे मोगल सत्ता खिळखिळी झाली, व्यापाऱ्यांना मोह पडला आणि तराजू खाली ठेवून त्यांनी तलवार उचलली, असा तो क्रम. ही मांडणी दोन्ही पक्षांना सोयीची आहे. इंग्रजांना साम्राज्य अभावितपणे पदरात पडल्याचे सांगता येते आणि आपल्याला भोळेपणाचे दुःख करता येते. पुरावा मात्र या क्रमाला साथ देत नाही. युरोपीय व्यापार हिंदी महासागरात आला तोच शस्त्रे घेऊन आणि १७६५ नंतरचे राज्य हे त्याच व्यापाराचे भांडवल उभारण्याचे साधन होते. राज्य मिळाले म्हणून व्यापाऱ्याने दुकान बंद केले, असे जवळजवळ सत्तर वर्षे तरी झाले नाही, आणि त्यानंतरही दुकानाची फक्त पाटी बदलली.

सुरुवात इंग्रजांपासून नाही, पोर्तुगीजांपासून करावी लागते. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा अरबी समुद्रावरचा व्यापार शेकडो वर्षे चालू होता. गुजराती, अरब, मलबारी, इराणी असे अनेक लोक त्यात होते, बंदराबंदरांत जकाती होत्या, चाचेही होते. पण उघड्या समुद्रावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाकडे परवाना मागावा, हे कोणत्याही राजाला सुचले नव्हते. पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकाच्या आरंभीच सुरू केले. 'कार्ताझ' नावाचा हा परवाना पैसे देऊन घ्यायचा, पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरायची आणि काही माल मुळीच न्यायचा नाही. परवाना नसेल तर जहाज मालासकट जप्त. १५१० मध्ये आल्फान्सो द अल्बुकर्कने गोवा घेतला तो या व्यवस्थेला ठाणे हवे म्हणून. परवाना असला तरी सुरक्षितता नव्हतीच. १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या आईचे 'रहिमी' हे जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडले, तेव्हा त्यावर रीतसर कार्ताझ होता. पृथ्वीवरच्या सर्वांत श्रीमंत बादशहांपैकी एकाच्या आईलाही मक्केच्या वाटेवर परक्यांना पैसे मोजावे लागत होते आणि मोजूनही जहाज जात होते. याला व्यापार म्हणायचे असेल तर संरक्षणाच्या नावाखाली होणारी वसुली ही त्यातली मुख्य जिन्नस होती, असे म्हणावे लागेल.

याच परवान्याची दुसरी बाजू कोकण किनाऱ्यावर दिसते. कान्होजी आंग्र्यांनी आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना स्वतःचे दस्तक घ्यायला लावले. पोर्तुगीज जे दोनशे वर्षे करत होते आणि मुंबईचे इंग्रजही करत होते, तेच त्यांनी केले; फरक एवढाच, की ज्या किनाऱ्यावर ते वसुली करत होते तो त्यांच्या छत्रपतींचा होता. कंपनीच्या कागदांत ते चाचे ठरले. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर, दोन्ही फसले. शेवटी १७५६ मध्ये विजयदुर्गापाशी आंग्र्यांचे आरमार जळाले ते वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांनी, पण पेशव्यांच्या संमतीने आणि साथीने. बदल्यात कंपनीने बाणकोट घेतले. मराठी इतिहासातले हे पान आपण भरभर उलटतो. समुद्रावर परवाना देण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न पुण्याने एका घरगुती भांडणापायी कायमचा निकालात काढला.

पुण्याला हे कळत नव्हते, असे म्हणायलाही जागा नाही. अठराव्या शतकाच्या आरंभीचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र टोपीकरांबद्दल जे सांगते ते अगदी नेमके आहे. इतर सावकारांसारखे हे सावकार नाहीत, यांच्यामागे यांचे राजे आहेत, राजांना भूमीचा लोभ असतोच, म्हणून यांना समुद्रकिनारी वा खाडीच्या तोंडाशी वखारीला जागा देऊ नये, दिलीच तर आत, आणि पक्के बांधकाम करू देऊ नये, असा त्याचा आशय. राज्य हातात येण्याआधी पन्नासेक वर्षे एका मराठी मुत्सद्द्याने व्यापार आणि सत्ता यांचा सांधा ओळखला होता. 'भोळे आपण' हे दुःख त्यामुळे करता येत नाही. माहिती होती; ती राबवण्याइतके ऐक्य आणि आरमार नव्हते.

इंग्रजांच्या बाजूने इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जहांगीराच्या दरबारी १६१५ ते १६१९ वकील असलेल्या सर टॉमस रो याने कंपनीला बजावले होते, की नफा शोधायचा तो समुद्रावर आणि शांत व्यापारात शोधा. हिंदुस्थानात छावण्या ठेवणे, जमिनीवर लढाया करणे ही चूक ठरेल. पुढेही लंडनच्या संचालकांनी मुलूखगिरीबद्दल अधिकाऱ्यांना वारंवार फटकारले. १७८४ च्या कायद्यात तर राज्यविस्तार हा ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध असल्याचे लिहून ठेवले गेले आणि १८०५ मध्ये लॉर्ड वेलस्लीला परत बोलावले गेले. मग हे साम्राज्य ठरवून झाले असे कसे म्हणायचे? केंब्रिजचे सीली यांनी १८८३ मध्ये ते जणू बेसावधपणी झाल्याचे लिहिले ते याच धर्तीवर. परंतु संचालकांचा विरोध कशाला होता हे पाहिले म्हणजे आक्षेपाची धार बोथट होते. तो लढाईच्या खर्चाला होता. रो यानेही हरकत घेतली ती नीतीच्या नव्हे, हिशेबाच्या भाषेत; पोर्तुगीज आणि डच यांचा नफा छावण्यांनी खाल्ला हे त्याचे उदाहरण. खर्च भरून निघण्याची आशा वाटली तेव्हा याच संचालकांनी १६८७ मध्ये मद्रासला लिहिले, की मुलकी व लष्करी सत्ता आणि मोठा महसूल असा पाया घाला, ज्यावर हिंदुस्थानात इंग्रजांचे अधिराज्य कायम टिकेल. हे औरंगजेब जिवंत असताना, प्लासीच्या सत्तर वर्षे आधी. त्याच सुमारास कंपनीने मोगल जहाजे पकडून बादशहाशी युद्ध केले, सिद्दी याकूतने मुंबईला वेढा घातला आणि १६९० मध्ये दीड लाख रुपये दंड भरून माफी मागावी लागली. मोह नंतर पडला असे नाही. पहिला प्रयत्न फसला, इतकेच.

या सगळ्या इतिहासात व्यापार म्हणजे काय होते हे उघडे पाडणारी घटना एकच निवडायची तर मी १७६३ चा बंगाल निवडीन, प्लासी नव्हे. १७१७ मध्ये फर्रुखसियर बादशहाने वार्षिक तीन हजार रुपयांच्या मोबदल्यात कंपनीचा माल जकातीतून सोडला होता. ही सवलत कंपनीच्या आयात-निर्यातीपुरती. कंपनीच्या नोकरांनी ती आपल्या खासगी धंद्याला लावली, मीठ, तंबाखू, सुपारी अशा देशातल्या देशात फिरणाऱ्या मालालाही लावली आणि दस्तके पैसे घेऊन इतरांना वापरू दिली. प्लासीनंतर त्यांना अडवणारा कोणी उरला नाही. नवाब मीर कासिमने आधी तडजोड केली. गव्हर्नर व्हॅन्सिटार्टशी ठरले की इंग्रजांच्या खासगी मालावर नऊ टक्के जकात बसेल, देशी व्यापारी भरत होते त्याहून पुष्कळ कमी. कलकत्त्याच्या कौन्सिलने तीही नाकारली. तेव्हा या नवाबाने असे पाऊल उचलले, ज्याचे एरवी इंग्लंडच्या अर्थशास्त्र्यांनी पोवाडे गायले असते : त्याने सर्वांवरची अंतर्गत जकात उठवली. देशी असो की परदेशी, सगळे सारखे. खुला व्यापार म्हणतात तो हाच. कौन्सिलने हा आपल्या हक्कांवरचा घाला मानला, कारण देशी व्यापारी जकात भरेल तरच न भरणाऱ्याला फायदा. व्हॅन्सिटार्ट आणि वॉरन हेस्टिंग्ज हे दोघेच विरोधात होते. युद्ध झाले, १७६४ च्या ऑक्टोबरात बक्सार झाले. स्पर्धेत उतरायला तयार असलेल्या राजाला व्यापाऱ्यांनी स्पर्धा टाळण्यासाठी उलथून टाकले. यानंतर 'खुल्या व्यापाराचे वरदान' हा शब्दप्रयोग बंगालच्या संदर्भात वापरायला धैर्य लागते.

बक्सारची किंमत म्हणून १२ ऑगस्ट १७६५ रोजी शाह आलमने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करण्याचा हक्क, कंपनीला दिली. बादशहाला वर्षाला २६ लाख रुपये, नवाबाला त्याचा तनखा, बाकी कंपनीचे. राज्य सुरू झाले ते इथे, असे आपण म्हणतो. त्याच सप्टेंबरच्या अखेरीस क्लाइव्हने संचालकांना जे कळवले ते वाचल्यावर राज्याचा विचार त्याच्या डोक्यात कितपत होता याची शंका येते. सगळा खर्च वजा जाता १२२ लाख सिक्का रुपये निव्वळ उरतील, त्यातून इंग्लंडला पाठवायच्या मालाची सारी खरेदी होईल, चीनच्या व्यापाराला लागणारी चांदी भागेल, मद्रास-मुंबईच्या गरजा पुऱ्या होतील आणि वर शिल्लक राहील. हे पत्र दुकानदाराला घाऊक भांडवल सापडल्याची वर्दी आहे. तोवर कंपनी बंगालचे रेशीम आणि कापड घ्यायला मुख्यतः चांदी आणत असे. आता विणकराकडून आणि शेतकऱ्याकडून सारा घ्यायचा, त्याच साऱ्याच्या पैशातून त्याचा माल विकत घ्यायचा आणि तो लंडनमध्ये विकून लाभांश वाटायचा, अशी व्यवस्था झाली. विणकराच्या हाती किंमत पडत होती, पावतीही होत असेल. पण एक समाज म्हणून बंगालला त्या मालाचे काही मिळत नव्हते. १७६७ पासून ब्रिटिश सरकारने या लाभात वर्षाला चार लाख पौंडांचा वाटा मागून घेतला. दोन वर्षांतच दुष्काळ पडला. हेस्टिंग्जने १७७२ मध्ये लिहिले की निदान एक तृतीयांश लोक गेले, आणि त्याच पत्रात हेही, की १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षा जास्त झाली. राजाला प्रजा मेली तर पुढच्या वर्षीची चिंता असते. भागधारकांचे देणे ज्याच्या डोक्यावर आहे त्याला चालू वर्षाची असते.

इथे मराठी लेखकाला एक कबुली टाळता येत नाही. बंगालची लूट कंपनीने सुरू केली नाही. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगाल तुडवला, आणि १७५१ मध्ये ओरिसाचा ताबा व बारा लाखांची चौथाई घेऊन त्या थांबल्या. मग परक्यांनाच का दोष द्यायचा? बर्दवानच्या शेतकऱ्याला घोडेस्वार नागपूरचा की कलकत्त्याचा याने फरक पडत नव्हता, हे मान्य. चौथाईचे समर्थन करण्यात अर्थ नाही. प्रश्न नैतिक श्रेष्ठतेचा नाहीच, यंत्रणेचा आहे. चौथाईचा पैसा नागपूर-पुण्यात शिपायांच्या पगारात, सावकारांच्या व्याजात, देवळांत आणि वाड्यांत जाऊन याच देशातल्या बाजारात फिरत होता. लुटारू थकला, हरला किंवा तह झाला की लूट थांबे. कंपनीच्या व्यवस्थेत वसुली, खरेदी आणि निर्यात ही एकाच खातेवहीतली पाने होती आणि ती दरवर्षी, शांततेच्या काळातही, किंबहुना शांततेतच अधिक नीट चालत.

तैनाती फौज हाही या दृष्टीने पाहण्यासारखा व्यवहार आहे. ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची निदान सहा हजार पायदळाची फौज कायमची ठेवून घेतली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. (शाह आलमलाही २६ लाखच. आकडा योगायोगाचा; बादशहाला मिळायचे होते, पेशव्याला द्यायचे होते.) आपण याला पारतंत्र्याचा करार म्हणतो आणि ते खरेच आहे. पण कंपनीच्या बाजूने ही लष्करी सेवेची विक्री होती. गिऱ्हाईक बांधलेले, किंमत रोकडीत न घेता जमिनीत घेतलेली आणि दुसऱ्या दुकानातून घेण्याची बंदी कलमातच. निजामाने याच फौजेपोटी टिपूच्या पाडावात मिळालेला मुलूख १८०० मध्ये परत केला होता. कवायती फौज ठेवणे महादजी शिंद्यांनाही जमले होते. तिचा पगार दरमहा वेळेवर देणे जमत नव्हते. कंपनीला ते जमे, कारण तिच्यामागे बंगालचा महसूल होता आणि सुरत-बनारसच्या हिंदी सराफांचे कर्ज होते. या सराफांची साथ दाखवून कोणी म्हणतो की साम्राज्य हिंदी लोकांनीच उभारले. उभारायला पैसा दिला हे खरे. वाटा मात्र टिकला नाही. बंगालच्या जगतशेटांपाशी नवाबाचा खजिना असे, प्लासीच्या कटात ते होते, आणि दिवाणीनंतर काही वर्षांतच खजिना कलकत्त्याला हलला व त्यांची पेढी ओस पडली.

मुंबईने या व्यवस्थेतून संपत्ती कमावली हेही लपवण्याचे कारण नाही. माळव्याची अफू कंपनीच्या मक्तेदारीबाहेर, शिंदे-होळकरांच्या मुलखात पिके आणि कराचीमार्गे पोर्तुगीज दमणला पोचून चीनला जाई. कंपनीने आधी ती स्वतः खरेदी करून पाहिली, मग १८३० च्या सुमारास पास सुरू केला : पेटीमागे पैसे भरा आणि मुंबईहून न्या. कार्ताझचाच हा वंशज. पण कराचीची वाट उघडी असेतो पासाचा दर चढवता येत नव्हता. १८४३ मध्ये सिंध जिंकले गेले. त्यापूर्वी पेटीला १२५ रुपये असलेला दर १८४७ पर्यंत ४०० वर गेला. सिंधच्या स्वारीमागे इतरही कारणे होती, पण एका प्रांताची किंमत दुसऱ्या मालाच्या दरात इतकी स्पष्ट वाचता येणे विरळा. या धंद्यातून उभ्या राहिलेल्या पैशाने मुंबईत रुग्णालये आणि शाळा झाल्या; त्यांचा आपण आजही उपयोग करतो.

दुसऱ्या टोकाचा आक्षेप असा, की १८३३ च्या कायद्याने कंपनीचा व्यापारच बंद केला. त्यापुढे तरी ते शुद्ध राज्य होते ना? त्याच कायद्याचे पुढचे कलम वाचावे. व्यापार बंद झाला, लाभांश झाला नाही. साठ लाख पौंडांच्या भागभांडवलावर साडेदहा टक्के, म्हणजे वर्षाला सहा लाख तीस हजार पौंड, हिंदुस्थानच्या महसुलातून द्यायचे ठरले आणि ते १८७४ पर्यंत दिले गेले. चाळीस वर्षे एक सुतळीही न विकणाऱ्या कंपनीला नफा मिळत होता, तो इंदापूर-बारामतीच्या शेतसाऱ्यातून. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्चही हिंदुस्थानच्या नावे पडला. राणीचे सरकार आल्यावर तर क्लाइव्हच्या पत्रातली योजनाच अधिक सफाईने चालू लागली. हिंदी माल घेणारा परदेशी व्यापारी लंडनमध्ये भारतमंत्र्याकडे पौंड भरून कौन्सिल बिल घेई. ते इथे वटे तेव्हा कापूस-गहू विकणाऱ्याला रुपये मिळत ते सरकारी तिजोरीतून, म्हणजे करातून. पौंड लंडनमध्येच राहून पेन्शनी, व्याज आणि रेल्वे कंपन्यांचा हमी दिलेला पाच टक्के नफा यांत खर्ची पडत. चांदीची जहाजे नाहीत, लुटीचा गाजावाजा नाही.

यावर आजचे काही अर्थइतिहासकार म्हणतात, की ही रक्कम राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक-दोन टक्क्यांपलीकडे नव्हती आणि तिच्या बदल्यात रेल्वे, न्यायालये, सुरक्षितता मिळाली. आकड्यांची चर्चा गंभीरपणे व्हायला हवी, आणि म्हणूनच पंचेचाळीस लाख कोटी डॉलरची लूट हा अलीकडे गाजलेला आकडा मला उपयोगाचा वाटत नाही. तो एवढा मोठा होतो कारण जुन्या रकमांवर दरवर्षी पाच टक्के चक्रवाढ व्याज धरले आहे. त्या गणिताने कुठलीही जुनी उधारी डोंगराएवढी करता येते. तरी एक-दोन टक्के हे किरकोळ म्हणणेही फसवे आहे. दरिद्री शेतीप्रधान देशात खाऊन-पिऊन उरते तेच मुळात थोडे असते. विहिरी, बैल, माग, कारखाने यांत जाऊ शकला असता असा पैसा त्यातूनच यायचा असतो, आणि जात होता तोही त्यातूनच. सेवेच्या किमतीचे म्हणाल तर वसईच्या कराराचेच उत्तर इथे लागू पडते : दर विक्रेत्याने ठरवलेला आणि नको म्हणण्याची मुभा नाही.

मराठी मुलखात हे हिशेब फार लवकर सुरू झाले. दादाभाई नौरोजींनी १८६७ मध्ये लंडनला आपले पहिले विवेचन मांडले त्याच्या पाव शतक आधी, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी 'हिंदू' या टोपणनावाने बॉम्बे गॅझेटमध्ये पत्रे लिहून कंपनीचे राज्य देशाला कसे शोषते हे कठोर शब्दांत सांगितले. १९१५ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठातला आपला एम. ए.चा प्रबंध ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि वित्तव्यवस्थेवर लिहिला. पण या परंपरेला सर्वांत अवघड प्रश्न विचारला तो जोतीराव फुल्यांनी. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. देशाचा पैसा विलायतेला जातो असे म्हणणाऱ्यांनी, तो शेतकऱ्याच्या बांधावरून कोणाकोणाच्या हातातून जातो हेही सांगावे, असा त्यांच्या लेखनाचा रोख आहे. गोऱ्या अधिकाऱ्याचा पगार आणि काळ्या कारकुनाची चिरीमिरी दोन्ही एकाच कुणब्याच्या खळ्यातून निघतात. राष्ट्रवादी अर्थशास्त्राने देश हे एकक धरले. फुल्यांनी शेत धरले. माझ्या मते यंत्रणा समजून घ्यायला दुसरे एकक अधिक उपयोगी आहे, कारण रोकड प्रत्यक्षात तिथे निर्माण होत होती.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात रयत उठली आणि तिने सावकारांची कर्जखते जाळली. कलेक्टरच्या कचेरीला कोणी हात लावला नाही. अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेला कापसाचा भाव उतरला होता, साऱ्याची फेरआकारणी झाली होती आणि सारा ठरल्या तारखेला नगद भरायचा होता. पीक विकले जाण्याआधी नगद देणारा गावात एकच होता. लंडनमध्ये कौन्सिल बिल वटवण्याइतके रुपये तिजोरीत हवेत म्हणून हप्ता चुकता कामा नये, आणि हप्ता चुकू नये म्हणून सावकार हवा. या साखळीतला सुप्याला दिसणारा दुवा तेवढा जळाला. चौकशी आयोग बसला, त्यानेही बराच दोष सावकाराच्या माथी मारला आणि १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टातले त्याचे हात बांधले. सारा नगदच भरायचा राहिला, आणि कर्ज द्यायला सावकार आता पूर्वीपेक्षा जास्त तारण मागू लागला.